तेरा चेहरे आणि एक मशक

‘देह देवळात, चित्त खेटरात’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. देवापुढे हात जोडून उभ्या असलेल्या माणसाचे मन दाराबाहेर काढून ठेवलेल्या पादत्राणांभोवती घोटाळत असते, हा तिचा रोकडा अर्थ. युरोपीय वळणाच्या चर्चमध्ये जोडे बाहेर काढून ठेवावे लागत नाहीत; त्यामुळे तेथील उपासकाच्या चित्ताला ही सोय उपलब्ध नाही. मग प्रवचन लांबू लागले की ते जाते तरी कोठे? बहुधा समोरच्या भिंतीवर. तेथे एखादे धर्मचित्र असले तर ते चित्त तेथेच मुक्काम करते. चित्र लावणाऱ्यांचा हेतू असा की, पाहणाऱ्याची नजर चित्रातून देवाकडे जावी. परंतु देवापर्यंत पोहोचण्याआधी ती वाटेत पुष्कळ ठिकाणी थांबते. एखाद्या संताचे लांबट नाक, देवदूताची गुबगुबीत पावले, मेजाखाली घोटाळणारे कुत्रे, असे एकेक ठाणे घेत ती सावकाश पुढे सरकते. या रेंगाळण्याला उपासनेच्या इतिहासात स्थान नसेल. पण चित्रांच्या इतिहासात त्याला स्थान आहे, आणि एका विशिष्ट चित्राच्या बाबतीत तर या रेंगाळण्यावाचून त्याचा इतिहास समजतच नाही. हे चित्र कोलकात्याच्या सेंट जॉन चर्चमध्ये आहे. त्याचा विषय ख्रिस्ताचे अखेरचे भोजन हा असून त्याचा चित्रकार योहान झोफनी हा होय.

प्रथम या चर्चविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. कोलकात्यातील इंग्रजांचे पहिले चर्च, सेंट ॲन, १७०९ मध्ये उभे राहिले आणि १७५६ मध्ये सिराज-उद्-दौल्याने शहरावर केलेल्या स्वारीत नष्ट झाले. त्यानंतर सुमारे तीन दशके कंपनी सरकारला आपल्या प्रतिष्ठेस शोभेल असे उपासनामंदिर नव्हते. राज्य विस्तारत होते, महसूल वाढत होता, नाचगाण्यांच्या मैफली आणि मेजवान्या झडत होत्या; केवळ देवाची सोय राहून गेली होती. अखेरीस वर्गणी आणि सोडत या दोन मार्गांनी पैसा उभा करण्यात आला. परमेश्वराच्या घरासाठी सोडतीची तिकिटे विकावीत यात त्या काळच्या कोलकात्यास काही वावगे वाटले नाही. नशिबावर विसंबूनच तर ही मंडळी सातासमुद्रापलीकडून आली होती. चर्चसाठी जमीन दिली ती शोभाबाजारच्या महाराजा नवकृष्ण देव यांनी. आपल्या वाड्यातील दुर्गापूजेस कंपनीच्या अधिकाऱ्यांना अगत्याने बोलावणारे हे गृहस्थ. बांधकामासाठी दगड आला तो बंगालच्या सुलतानांची जुनी राजधानी असलेल्या गौड नगराच्या भग्नावशेषांतून. विटांच्या या शहरात दगडी इमारतीचे अप्रूप इतके की बंगाली लोक तिला ‘पाथुरे गिर्जा’ म्हणू लागले. आराखडा लेफ्टनंट जेम्स ॲग याचा असून तो लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स या चर्चच्या धर्तीवर बेतलेला होता. ६ एप्रिल १७८४ रोजी पायाभरणी झाली आणि २४ जून १७८७ रोजी चर्चचे विधिपूर्वक समर्पण झाले. हिंदू महाराजाची जमीन, मुसलमान सुलतानांचा दगड, लंडनचा नकाशा आणि सोडतीचा पैसा अशा चार गोष्टींवर हे ख्रिस्तमंदिर उभे राहिले. त्याच वर्षी झोफनीने आपले चित्र या चर्चला भेट म्हणून दिले आणि ते वेदीमागे विराजमान झाले.

झोफनी हा जन्माने जर्मन. १७३३ मध्ये फ्रँकफर्टजवळ जन्मलेला हा चित्रकार १७६० मध्ये इंग्लंडला गेला, तेथे नाट्यप्रसंगांची आणि कुटुंबसमूहांची चित्रे काढून नावारूपास आला आणि तिसऱ्या जॉर्जचा आश्रय मिळवून १७६९ मध्ये रॉयल अकॅडमीचा सदस्य झाला. त्याच्या अंगी एक खोड मात्र होती. कोणत्याही भव्य विषयात ओळखीची माणसे आणून बसविल्यावाचून त्याला चैन पडत नसे. राणी शार्लटसाठी त्याने फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातील एका प्रसिद्ध दालनाचे चित्र काढावयास घेतले. राणीची अपेक्षा होती ती तेथील अभिजात कलाकृती पाहण्याची. झोफनीने त्या कलाकृतींसमोर फ्लॉरेन्समध्ये वावरणाऱ्या इंग्रज सद्गृहस्थांची दाटी करून ठेवली. राजघराण्याला हा प्रकार मुळीच रुचला नाही. पुढे इंग्लंडमध्ये कामे मिळेनाशी झाली तेव्हा, तशा परिस्थितीत सापडलेले अनेक युरोपीय जे करीत तेच त्याने केले. १७८३ मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि १७८९ पर्यंत कोलकाता व लखनौ येथे राहिला. खोड त्याच्यासोबत आली होती, हे सांगावयास नको.

अखेरच्या भोजनाचा प्रसंग सर्वपरिचित आहे. अटक झाली त्याच रात्री, त्याआधी, येशू आपल्या बारा शिष्यांसह भोजनास बसतो आणि ‘तुमच्यापैकी एक जण मला शत्रूच्या हाती देईल’ अशा अर्थाचे उद्गार काढतो. तेरा माणसांच्या या पंगतीसाठी तेरा चेहरे हवे होते. झोफनीने ते शहरातूनच निवडले, असे परंपरा सांगते. येशूसाठी त्याने ग्रीक धर्मोपदेशक फादर पार्थेनिओ यांना समोर बसविले. कोलकात्यात त्या वेळी ग्रीक व्यापाऱ्यांची लहानशी वसाहत होती आणि तिचे स्वतःचे चर्चही होते. म्हणजे इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चचे अनुयायी आपल्या वेदीसमोर गुडघे टेकीत ते एका ग्रीक पाद्र्याच्या मुद्रेसमोर. धर्मपंथांमधील जे मतभेद शतकानुशतकांच्या धर्मसभांना मिटविता आले नाहीत, ते एका चित्रकाराने दाढीच्या सोयीसाठी मिटवून टाकले.

येशूच्या निकट बसणारा, त्याचा विशेष लाडका शिष्य योहान, हा चित्रपरंपरेत नेहमी बिनदाढीचा, कोवळ्या आणि काहीशा स्त्रीसुलभ चेहऱ्याचा दाखविला जातो. या भूमिकेसाठी झोफनीने निवड केली ती डब्ल्यू. सी. ब्लाकीर या तरुणाची. ब्लाकीर पुढे दीर्घकाळ कोलकात्याचा पोलीस मॅजिस्ट्रेट होता. गोऱ्या, नाजूक चेहऱ्याच्या या गृहस्थाविषयी अशी ख्याती होती की गुन्हेगारांचा माग काढण्यासाठी तो वेषांतर करून, प्रसंगी स्त्रीवेषातही, हिंडत असे. रविवारी सकाळी प्रार्थनेला बसलेल्या मंडळींना प्रभूच्या खांद्याशी झुकलेल्या त्या सात्त्विक तरुणात शहराचा कोतवाल दिसत असेल, तर त्यांचे ओठ भजन म्हणता म्हणता थोडे हलले असतील आणि ते भक्तीने हलले असतील असे खात्रीने म्हणता येत नाही.

सर्वांत अवघड निवड यहूदाची. तीस रुप्यांच्या नाण्यांसाठी गुरूला विकणाऱ्या या शिष्याचा चेहरा झोफनीने विल्यम टुलो या लिलावदाराचा काढला, असे सांगतात. या निवडीतील खोच ध्यानात येण्यासाठी त्या काळचे कोलकाता डोळ्यांपुढे आणावे लागते. तापाने आणि हवामानाने तेथे युरोपीय माणसे अकाली मरत. मेलेल्याचे सामानसुमान, घोडे, पुस्तके, दारूच्या बाटल्या लगेच लिलावात निघत आणि कालच्या स्नेह्याचे फर्निचर आज शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात जाऊन बसे. प्रत्येक वस्तूची किंमत ठाऊक असलेला आणि सगळ्यांच्या घरातील वस्तूंवर डोळा असलेला हा माणूस प्रत्येकाच्या ओळखीचा असणार. टुलोला आपला चेहरा कोणत्या कामी लागणार आहे हे आधी सांगितले नव्हते आणि चित्र पाहताच तो संतापला, अशी आख्यायिका आहे. त्याने चित्रकारास न्यायालयात खेचले असेही काही जण सांगतात. आख्यायिकेतील तपशील बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. ज्या चर्चमध्ये हे चित्र वेदीमागे टांगले होते तेथेच या साऱ्यांनी दर रविवारी येणे अपेक्षित होते. स्वतःच्याच चेहऱ्याचा यहूदा समोर पाहत पापक्षमेची प्रार्थना म्हणणे हा अनुभव धर्मशास्त्राच्या दृष्टीने अत्यंत हितकर असला, तरी लिलावदाराला तो तसा वाटला नसावा.

असा विनोद करणारा झोफनी पहिला नव्हता. लिओनार्दोने मिलानच्या मठात हाच प्रसंग रंगविताना दिरंगाई केली, तेव्हा मठाधिपतीने तक्रार केली. त्यावर यहूदासाठी योग्य चेहरा सापडत नाही, अगदीच अडले तर मठाधिपतींचा चेहरा आहेच, असे लिओनार्दोने सुचविल्याची कथा वासारीने नोंदविली आहे. मायकेलँजेलोने ‘अखेरचा न्यायनिवाडा’ या १५४१ मध्ये पूर्ण झालेल्या भित्तिचित्रात, त्यातील नग्नतेबद्दल नाक मुरडणाऱ्या पोपच्या एका अधिकाऱ्याचा चेहरा नरकातील न्यायाधीश मिनोस याला दिला, हेही वासारीच सांगतो. व्हेरोनेझेची गोष्ट आणखी बोधप्रद आहे. त्याने व्हेनिसच्या एका मठासाठी काढलेल्या अखेरच्या भोजनाच्या चित्रात विदूषक, खुजे आणि शस्त्रधारी जर्मन शिपाई यांची गर्दी होती. १५७३ मध्ये धर्मन्यायसभेने त्याला बोलावून या मंडळींचे प्रभूच्या पंगतीत काय काम, असे विचारले. कवींना आणि वेड्यांना जी मोकळीक असते ती चित्रकारांनाही असते, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. चित्र सुधारून देण्याचा हुकूम झाला. व्हेरोनेझेने विदूषक पुसले नाहीत. चित्राचे नाव बदलून ‘लेवीच्या घरची मेजवानी’ असे केले आणि प्रकरण मिटले.

इंग्रज प्रॉटेस्टंटांची अडचण निराळीच होती. त्यांना चर्चमध्ये चित्र असावे की नाही याचाच संशय होता. १७७३ मध्ये रॉयल अकॅडमीच्या चित्रकारांनी लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल विनामूल्य सजवून देण्याची तयारी दाखविली, तेव्हा लंडनच्या बिशपांनी, चित्रांवाटे पोपपंथ घरात शिरेल या भयाने, ती नाकारली. चौदा वर्षांनंतर कोलकात्यात मात्र वेदीमागे भले मोठे चित्र लागले आणि चर्चच्या समितीने चित्रकाराला आभारपत्र पाठवून, हे चित्र युरोपातील अग्रगण्य चर्चलाही भूषणावह होईल अशी प्रशंसा केली. राजधानीत जे धोक्याचे ते वसाहतीत भूषणावह, हा नियम केवळ चित्रांपुरता होता असे नाही.

येथवर जे सांगितले ते चेहऱ्यांविषयी. चर्चमधील मंडळींचे चित्त रमले तेही चेहऱ्यांतच आणि पुढच्या काळात या चित्राची जी कीर्ती झाली तीही ‘कोण कोण आहे’ या कुतूहलामुळेच. परंतु रेंगाळणारी नजर आणखी थोडी खाली आणि बाजूला सरकली तर तिला दुसरेच काही दिसते. भिंतीवर खिळ्याला एक तलवार लटकते आहे. सुवार्तेतील कथेप्रमाणे ती पेत्राची. तीच उपसून तो त्या रात्री एका सेवकाचा कान कापणार आहे. पण ही तलवार यरुशलेमची नाही. कोलकात्यातील कोणत्याही कचेरीच्या दारावर उभ्या असलेल्या शिपायाची ती साधी तलवार आहे. मेजाजवळचे पाण्याचे भांडे येथल्या पिकदाणीवरून घेतले आहे, अशी नोंद जुन्या वर्णनांत सापडते. पिकदाणी कशासाठी असते हे त्या जर्मन चित्रकाराला ठाऊक नव्हते की ठाऊक असूनच त्याने ती तेथे मांडली, याचा निवाडा वाचकांनी आपापल्या स्वभावानुसार करावा. आणि तिच्याजवळ पाण्याने भरलेली भिश्त्याची मशक पडली आहे.

या तीन वस्तूंपाशी हसू किंचित थबकते. तलवार आहे, पण ती बाळगणारा शिपाई नाही. पिकदाणी आहे, पण ती उचलणारा खिदमतगार नाही. मशक आहे आणि ती भरलेली आहे. अर्थात नदीवरून ती वाहून आणणारा कोणी तरी असलाच पाहिजे. तो चौकटीत नाही. या पंगतीत ग्रीक पाद्री बसतो, इंग्रज मॅजिस्ट्रेट बसतो, लिलावदार यहूदा होऊन का होईना पण बसतो. मात्र ज्या भूमीवर, ज्या दगडांत आणि ज्यांच्या श्रमांवर हे चर्च उभे आहे, त्यांच्यापैकी एकाचीही ओळख या तेरांत सांगितली जात नाही. वास्तविक, प्रसंगाशी इमान राखावयाचे तर पूर्वेकडील चेहरेच अधिक शोभले असते. येशू आणि त्याचे शिष्य आशिया खंडातले; त्यांतील कित्येक जण कोळी. हुगळीच्या काठी कोळ्यांचा तुटवडा नव्हता.

झोफनीला हिंदी माणसे काढता येत नव्हती, असे म्हणावे तर तेही खरे नाही. याच वर्षांत त्याने वॉरन हेस्टिंग्जसाठी लखनौमधील कोंबड्यांच्या झुंजीचे चित्र काढले. त्यात नवाब आसफ-उद्-दौला आणि कर्नल मॉर्डन्ट समोरासमोर आहेत आणि त्यांच्याभोवती गोरे अधिकारी, दरबारी, नोकरचाकर, कोंबडेवाले, बघे अशी बहुरंगी गर्दी आहे. प्रत्येक हिंदी चेहरा वेगळा, बारकाईने पाहिलेला आणि जिवंत आहे. म्हणजे झुंजीच्या आखाड्याभोवती जी माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहू शकत होती, ती प्रभूच्या मेजाभोवती बसू शकत नव्हती. चित्रकाराचा कुंचला एकच होता. चर्चच्या भिंतीने त्याला मर्यादा घातली आणि ती मर्यादा कोणी लिहून द्यावी लागली नाही. आश्रयदात्यांना काय खपेल हे जाणणे हा दरबारी चित्रकाराच्या व्यवसायाचाच भाग होता.

या चेहऱ्यांच्या उत्तरायुष्यात नियतीनेही काही विनोद केले. लाडका शिष्य झालेला ब्लाकीर संस्कृताकडे वळला आणि कालिकापुराणातील बलिदानाविषयीच्या रुधिराध्यायाचे त्याने केलेले इंग्रजी भाषांतर १७९७ च्या सुमारास ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. पुढे १८०६ मध्ये, वेल्लोरच्या उठावानंतर सरकार धास्तावले असताना, लोकांत धर्मप्रचार करू नये हा सरकारी आदेश श्रीरामपूरच्या विल्यम कॅरीला ऐकविणारा मॅजिस्ट्रेटही हाच. मराठी वाचकाला हा कॅरी परका नाही. १८०५ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण छापणारा आणि फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकविणारा तो हाच. शुभवर्तमान सांगू नका, असा निरोप शुभवर्तमानकार योहानाच्याच चेहऱ्याने द्यावा, ही कल्पना झोफनीला सुचली असती तर त्याने तिचेही चित्र काढले असते. ज्यांच्या पुढाकाराने हे चर्च उभे राहिले त्या रेव्हरंड विल्यम जॉन्सन यांनी चर्च पूर्ण झाल्यावर वर्षभरात बंगाल सोडले. त्यांच्या पत्नीने सोबत जाण्यास नकार दिला आणि ‘बेगम जॉन्सन’ या नावाने १८१२ पर्यंत कोलकात्याच्या समाजात मानाने राहून अखेर याच चर्चच्या आवारात विसावा घेतला.

भोजनाच्या मेजाभोवती येथली माणसे बसावयास मात्र दीड शतक जावे लागले. ती बसविली कोणत्याही चर्चच्या समितीने नव्हे. कोलकात्यातच जामिनी रॉय यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास, स्वतः ख्रिस्ती नसताना, बंगाली पटचित्रांच्या ठसठशीत रेषेत आणि विशाल डोळ्यांत ख्रिस्त रंगविला आणि अखेरचे भोजनही. गोव्याचे अँजेलो द फोन्सेका यांनी बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकुरांच्या परंपरेत शिक्षण घेतले आणि परत येऊन साडी नेसलेली मरीया काढली. गोव्यातील पोर्तुगीज वळणाच्या धार्मिक मंडळींना ती सोसवली नाही. फोन्सेकांना पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाचा आसरा मिळाला. तेथे त्यांनी आयुष्यभर काम केले आणि १९६७ मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले. कुळंबी स्त्रीच्या वेशातील देवमातेपुढे हात जोडण्यास जी मंडळी तयार नव्हती, त्यांच्या पूर्वसूरींना इटालियन सुंदरीच्या चेहऱ्याची देवमाता शतकानुशतके खटकली नव्हती. आपल्याला सवयीचा असलेला परकेपणा पवित्र वाटतो आणि घरचा चेहरा अचानक समोर आला की भक्ती दचकते. टुलोचा संताप आणि फोन्सेकांवरील रोष यांत वरकरणी काही साम्य नाही. परंतु पवित्र चित्रात ओळखीचा माणूस दिसला की काय होते, याचीच ती दोन उदाहरणे आहेत. पहिल्यात लोक हसले, दुसऱ्यात रागावले. दोन्ही वेळा त्यांनी चित्राकडे नीट पाहिले, एवढे श्रेय चित्रकारांना द्यावयास हवे.

झोफनीचे चित्र आता वेदीमागे नाही. ते चर्चच्या बाजूच्या भिंतीवर आहे. बंगालच्या दमट हवेने आणि जुन्या डागडुजीने त्याची कळा गेली होती. २०१० मध्ये इन्टॅक आणि जर्मन सांस्कृतिक केंद्र यांच्या सहकार्याने, एका जर्मन संवर्धनतज्ज्ञ महिलेच्या हातून, त्याची साफसफाई व दुरुस्ती झाली आणि काळवंडलेल्या वार्निशाखालचे रंग पुन्हा उजळले. चित्र उजळले तरी त्यातील थट्टा उजळणे मात्र शक्य नव्हते. टुलोला ओळखणारा आज कोणी नाही. ब्लाकीरचा चेहरा कोणाला आठवत नाही. फादर पार्थेनिओ तर आता केवळ येशूच आहेत. ज्या ओळखींनी १७८७ च्या त्या मंडळींना प्रवचनाच्या वेळी ओठ दाबून हसविले, त्या ओळखी पुस्तकांतून वाचून घ्याव्या लागतात. मशकेचे तसे नाही. कोलकात्याच्या जुन्या वस्त्यांत पाठीवर मशक घेऊन घरोघरी पाणी घालणारे भिश्ती अगदी अलीकडच्या काळापर्यंत दिसत आले आहेत. रस्त्यावरून त्या चर्चमध्ये शिरलेल्या एखाद्या मुलाला त्या भल्या मोठ्या चित्रात आपल्या ओळखीचे काय आहे, असे विचारले तर ते यहूदाकडे बोट दाखविणार नाही. त्याचे बोट खाली, त्या भरलेल्या मशकेकडे जाईल. आणि तिचा धनी कोठे गेला, असेही ते कदाचित विचारील.